उघड्या झाकणाची मशीन

१ सप्टेंबर २०१९, रविवार

कारखान्यात अकरा वर्षं शिफ्ट सुटताना वहीत चार ओळी लिहायची सवय होती. किती मशीन तपासल्या, किती परत पाठवल्या, काही शेरा असेल तर तो. कारखाना बंद होऊन वर्ष होत आलं, पण हात अजून शिवशिवतो. म्हणून ही वही आणली. ही कोणी तपासणार नाही, तेव्हा शेरे मोकळेपणाने मारता येतील.

आज गारखेड्यात माझ्या दुकानाचं शटर वर गेलं. 'बद्रीनाथ वॉशिंग मशीन दुरुस्ती'. गाळा आप्पासाहेबांचा. ते आमच्या गावाकडचे मोठे बागायतदार. मुलांच्या शाळेसाठी शहरात आले आणि बंगला बांधून इथलेच झाले. नारळ त्यांच्याच हातून फोडला. म्हणाले, "बद्री, जागेची काळजी करू नको. माणूस आपला असला म्हणजे झालं." माझी बायको मनकर्णा हिने पेढे वाटले आणि शटरच्या कुलपालाही हळदकुंकू लावलं.

चितेगावच्या कारखान्यात लाईनवर माझं काम एकच होतं. ड्रम जोरात फिरत असताना झाकण उचलायचं आणि मनात मोजायचं. पाच व्हायच्या आत ड्रम थांबला तर "पास", नाही तर मशीन बाजूला. दिवसातून शंभर-दीडशे वेळा. सोबतचे हसायचे, की हा गडी झाकण उघडायचा पगार घेतो. हसू देत. झाकणाखाली तो बोटभर स्विच असतो ना, तो माझ्याइतका या शहरात कोणाला कळत नसेल.

५ सप्टेंबर, गुरुवार

चार दिवसांत सहा गिऱ्हाइकं आणि तक्रार एकच. यातल्या एकाही मशीनला काही झालेलं नाही. झालंय ते नळाला.

आपल्याकडे पाणी येतं पाचव्या दिवशी, तेही पाऊण तास. त्यात प्यायचं भरा, हौद भरा, प्लास्टिकचे ड्रम भरा. मशीनच्या नळीला कोण विचारतो? लोक बादलीने पाणी ओततात. पण झाकण उघडलं की मशीन जागेवर थांबते आणि टीं-टीं करून घर डोक्यावर घेते. झाकण लावा, बटण दाबा, पुन्हा उघडा. शहागंजच्या एक खाला वैतागून म्हणाल्या, "भाई, ये मशीन है के सास है? जरा ढक्कन उठाया के चिल्लाती."

उपाय दोन मिनिटांचा. स्विचच्या दोन वायरी सोडवायच्या, तारेच्या तुकड्याने एकमेकींना जोडायच्या, वर टेप. मशीनला वाटतं झाकण लावलेलंच आहे. मग उघडं ठेवून खुशाल ओता. खालांनी तोंडभरून दुवा दिली.

पहिल्यांदा तार जोडताना हात अडखळला, हे लिहून ठेवतो. ज्या स्विचची अकरा वर्षं राखण केली तोच आपल्या हाताने मुका करायचा. पण राखण केली ती कंपनीच्या पगारावर. आता पोट गिऱ्हाइकाच्या हातात आहे, आणि गिऱ्हाईक काही वावगं मागत नाही. त्याला नुसतं पाणी ओतायचंय.

१० सप्टेंबर, मंगळवार

तारेचा बोलबाला झाला आहे. एका बाईने दुसरीला सांगायचं, दुसरीने तिसरीला. मला आता 'तारवाले भाऊ' म्हणतात. आज पुंडलिकनगरात एकाच गल्लीत तीन घरं केली.

आपल्या घरच्या मशीनलाही लावली. मनकर्णा कमरेवर हात ठेवून बघत होती.

"याच्यात धोका नाय ना काही?"

"फिरत्या मशीनीत हात घालू नये, एवढी अक्कल असते माणसाला."

"घाईत कुठं असती अक्कल?" ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. शिकलेली सातवीपर्यंत, पण प्रत्येक गोष्टीत खोट काढल्याशिवाय तिला जेवण जात नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

पितृपक्ष लागला. घट बसायच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघालं पाहिजे. आमच्या लहानपणी ही धुणी गाडीत घालून नदीवर जायची, पोरांची चंगळ असायची. आता नदी नाही आणि गाडीही नाही. सगळा भार मशीनवर.

आप्पासाहेबांकडून बोलावणं आलं. सूनबाईंची तक्रार, की गोधडी टाकली की मशीन मध्येच थांबते. ती थांबणारच. भिजलेली गोधडी एका अंगाला गोळा होते, ड्रम डुगडुगायला लागतो, आतल्या दांडीला धक्का बसतो आणि तोच झाकणाचा स्विच मशीन बंद करतो. एका स्विचकडे दोन कामं. तार लावली की दोन्ही जातात.

मी म्हणत होतो, की गोधड्या हाताने धुतलेल्या बऱ्या. आप्पासाहेबांनी हात हलवला. "बद्री, पाणी पाऊण तास आणि गोधड्या सोळा. गणित तूच घाल. लाव तुझी ती तार."

लावली. त्यांना नाही म्हणायला आधी तोंड तरी पाहिजे.

त्यांच्याकडे धुण्याभांड्याला वच्छलाबाई येतात. फर्दापूरकडच्या. दुष्काळात मेंढरं विकून नवरा-बायको शहरात आली. नवरा मुंजाबा बांधकामावर बिगारी. बाई कामाला वाघीण, पण मशीनला बिचकून. म्हणून मी उभं राहून दाखवलं. झाकण असं उघडं ठेवायचं, बादली अशी ओतायची, भ्यायचं काय त्यात?

"आता थांबत नाय व्हय भाऊ ती?"

"आता तिच्या बापाची बिशाद नाही थांबायची!"

सूनबाई हसल्या, वच्छलाबाईंनीही तोंडाला पदर लावला. निघताना चहा मिळाला, कपबशीतून. आप्पासाहेब होस्टेलवाल्या एका ओळखीच्या गृहस्थाशी माझ्यासाठी बोलणार आहेत. तिथे बारा मशीन आहेत.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मुक्तिदिन. कॉलनीत झेंडावंदन केलं आणि दुकान उशिरा उघडलं. होस्टेलचं काम जवळजवळ नक्की. वर्षभर मान खाली घालून फिरलो, आता बरं वाटतंय.

२४ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी साडेदहाला आप्पासाहेबांचा फोन. "असशील तसा ये. हत्यारं घेऊन ये." आणि फोन ठेवला.

गेलो तेव्हा मागच्या मोरीत नळ तसाच वाहत होता. आजचा पाण्याचा दिवस. मशीन जागेवरून हातभर सरकून तिरकी झालेली, अर्धी गोधडी बाहेर लोंबतेय. फरशीवर हिरव्या बांगड्यांच्या काचा. वच्छलाबाईंना घाटीत, सरकारी दवाखान्यात, नेलं होतं. उजवा हात.

सूनबाई दाराला टेकून रडत होत्या. "मशीन धाडधाड वाजत सरकायला लागली. मीच म्हटलं, अहो बाई, दाबा ना ती गोधडी जरा... आणि गोधडीबरोबर हातच..."

"तू आत जा," आप्पासाहेब म्हणाले. मग मला म्हणाले, "ती तार काढून टाक. आत्ताच्या आत्ता."

मी काढली. वायरी पुन्हा स्विचला जोडल्या. टेपचा तुकडा खिशात टाकला. गोधडी सोडवली, मशीन सरळ केली, रिकामी चालवून बघितली. ड्रमने वेग घेतला तसं झाकण उचललं. एक, दोन, तीन, चार. थांबला.

"पास," मी म्हणालो. सवयीने तोंडातून गेलं. आप्पासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी केरसुणी आणून काचा स्वतः गोळा केल्या. त्यांच्या हातात केरसुणी मी आजवर पाहिली नव्हती.

२६ सप्टेंबर, गुरुवार

हवालदार चौकशीला आले. आप्पासाहेबांनी मला बोलावून घेतलं होतं, मेकॅनिक म्हणून. हवालदारांनी मशीन सुरू करायला लावली, झाकण स्वतः उचललं. ड्रम थांबला. पुन्हा उचललं, पुन्हा थांबला.

"अशीच असते का ही?"

"हो साहेब. अशा मशीनमध्ये ही सोय असतेच. झाकण उघडलं की थांबते."

"मग ती बाई कसं म्हणते, की झाकण उघडंच होतं आणि मशीन फिरत होती?"

आप्पासाहेब म्हणाले, "घाबरलेली बाई. काय बोलतेय तिचं तिला तरी कळतंय का? पूर्ण थांबायच्या आधीच हात घातला असेल."

हवालदारांनी लिहिलं, यंत्र सुस्थितीत. खाली माझी सही घेतली. मी एकही शब्द खोटा बोललो नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं.

घरी आलो तर मनकर्णा मोरीत दगडावर धुणं आपटत बसलेली.

"मशीन बिघडली का?"

"नाय."

"मग?"

"हातानं बरं निघतं."

घरात मेकॅनिक असून बायको दगडावर धुणं धुते, लोक काय म्हणतील? पण तिच्याशी वाद घालून आजवर कोणाचं भलं झालंय!

२९ सप्टेंबर, रविवार

घट बसले. दुकानात गिऱ्हाईक कमी. घाटीतून कळलं, की वच्छलाबाईंचं ऑपरेशन झालं. कोपर निखळलं होतं, मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. बोटं चालतील की नाही ते पुढे कळेल. वाईट वाटलं. कोणालाही वाटेल.

मनकर्णाची देवीभक्ती यंदा फारच वाढली आहे. नऊ दिवसांचा उपवास तिचा, आणि भाकरी मात्र रोजच्यापेक्षा चार जास्त थापते. देवळात देते म्हणे. दुपारी डबा घेऊन जाते ती दोन-अडीच तासांनी येते. एवढा वेळ कोणत्या देवळात लागतो, विचारलं तर म्हणाली, "गर्दी असती."

५ ऑक्टोबर, शनिवार

मुंजाबा दुकानात आला. आधी ओळखलंच नाही. उंच, काळा, डोक्याला रुमाल गुंडाळलेला. बस म्हटलं तर बसला नाही.

"तुमी मशिनीचे जाणकार. कारखान्यात व्हते म्हनून कळलं. एक इचारायचं व्हतं."

"विचार."

"झाकण उघडं आसल्यावर मशीन फिरती का?"

मी हातातला पाना खाली ठेवला. ठेवायचं काय कारण होतं माहीत नाही.

"बाई म्हनती फिरत व्हती," तो म्हणाला. "हवालदार म्हनतो म्या सोता बघितलं, फिरत नाय. आप्पासायेब म्हनले तिची नजर कामात नसती. आता माझी आई म्हनती, हिचं डोस्कं ठिकाणावर नाय, हिला चुलीपाशी जाऊ देऊ नको, लेकरं जाळील. रोज तेच ऐकून मला कळंना झालंय. मला नुसतं येवढं सांगा, मी बायकूवर इस्वास ठिवायचा का नाय?"

असा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "चांगली मशीन झाकण उघडं असताना फिरत नाही."

"नाय फिरत?"

"नाही."

त्याने डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा गुंडाळला. मग "बरं" म्हणून निघून गेला. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. उलट मोकळा झाल्यासारखा दिसला, एका बाजूचा निकाल लागला म्हणून असेल.

मी 'चांगली मशीन' म्हणालो. ते खरंच आहे. संध्याकाळपासून छातीत जळजळ आहे. काल ठेचा जरा जास्त झाला.

८ ऑक्टोबर, मंगळवार

दसरा. दुकानात पाने, पक्कड, टेस्टर मांडून पूजा केली. सकाळी मनकर्णाला म्हटलं, चल गुलमंडीला, तुला साडी घेऊ. होस्टेलचं काम मिळाल्याची. म्हणाली, "यंदा नको."

"का?"

"हायेत की साड्या."

बायको साडीला नाही म्हणते तेव्हा समजावं की तब्येत बरी नाही. डॉक्टरकडे चल म्हटलं तर त्यालाही नाही. संध्याकाळी शेजारीपाजारी सगळ्यांना तिने सोनं दिलं, वाकून पाया पडली. मला दिलंच नाही. गडबडीत विसरली असेल. मीही आठवण करून दिली नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी घरच्या मशीनची तार काढून टाकली. विशेष काही कारण नाही. मनकर्णाला सांगितलं, की आता वापर, झाकण उघडलं की थांबेल. तिने ऐकलं आणि धुण्याची बादली उचलून मोरीत गेली.

ठेचा बंद करून सहा दिवस झाले. जळजळ आहेच.

१३ ऑक्टोबर, रविवार

पुंडलिकनगरातल्या त्या गल्लीत गेलो होतो. म्हटलं, तिन्ही घरच्या तारा काढून टाकू. पहिल्याच घरात ताई म्हणाल्या, "कशाला भाऊ? चांगली चाललीय की. उद्या आमचा पाण्याचा दिवस." मी म्हणालो, की धोका असतो. त्या म्हणाल्या, "मग लावताना का नाही सांगितलं?"

बाकीच्या दोन घरी गेलोच नाही. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून आठवायचा प्रयत्न केला, की आजवर कोणाकोणाकडे तार लावली. वीस घरांपर्यंत आठवलं. पुढची आठवेनात. कारखान्यात नापास मशीनवर लाल चिठ्ठी चिकटवायचो. इथे तसं काहीच केलं नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आप्पासाहेबांनी ज्वारीचं एक पोतं काढून ठेवलं होतं. "मुंजाबाकडे नेऊन टाक. आपल्याकडे कामाला होती, माणुसकी म्हणून." मी म्हणालो, की दुसऱ्या कोणाला पाठवा. म्हणाले, "तूच जा. तुझं बोलणं गोड आहे."

रिक्षात पोतं टाकून दुपारी मुकुंदवाडीला गेलो. पत्र्याची एक खोली. मुंजाबा घरी होता, आज काम मिळालं नव्हतं. वच्छलाबाई भिंतीला टेकून बसलेल्या, हात दंडापर्यंत प्लास्टरमध्ये. बोटं बाहेर आहेत, पण ती आपली आपण मिटत नाहीत. डाव्या हाताने एक एक बोट दाबून मिटवायला डॉक्टरांनी सांगितलंय. त्या तेच करत होत्या. बोट सोडलं की पुन्हा उघडत होतं.

खोलीत पाण्याच्या माठाशेजारी स्टीलचा डबा होता. झाकणावर नाव कोरलेलं, 'सारजाबाईकडून चि. मनकर्णास'. सारजाबाई म्हणजे माझी सासू. लग्नात दिलेला डबा. मी तो डबा बघत राहिलो.

"ताई रोज येत्यात," वच्छलाबाई म्हणाल्या. "माझी येणी घालून देत्यात. तुमी पाठवलं म्हनून सांगत्यात."

मी पोत्यावरची धूळ झटकली.

"भाऊ, चूक माझीच व्हती," त्या म्हणाल्या. अगदी शांतपणे. "आधी मी सगळ्यास्नी सांगत व्हते, झाकण उघडंच व्हतं, पहिल्यापास्नं. पर सगळी कशी खोटं बोलत्याल? पोलीस, सायेब, हे बी. सारखं आठवून बघती. आता आठवतं ते बी येगळंच आठवतं. मीच उचललं आसंल झाकण."

"जाऊ दे आता," मुंजाबा म्हणाला.

"एकच इचारते." त्यांनी बोट मिटवायचं थांबवलं. "तुमीच मला दाखवलं व्हतं ना भाऊ, झाकण उघडं ठिवून पाणी कसं ओतायचं ते? का ते बी मला सपनात पडलं?"

मुंजाबा माझ्याकडे बघत होता. बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता.

मी म्हणालो, "रिक्षा थांबलीय. येतो मी." आणि आलो.

हे असं लिहून काढल्यावर काय दिसतं ते मला कळतंय. आतापर्यंत वहीत मी जे काही शेरे मारले ते सगळे दुसऱ्यांवर.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

दुकान उघडलं नाही. मनकर्णाला विचारलं, "तू मला बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुमी काय लहान हायेत?" ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. "तुमाला ठावं हाय तार कोणी लावली. मला ठावं हाय. आप्पासायबाला, त्याच्या सुनंला ठावं हाय. ज्या बाईचा हात गेला तिला एकटीलाच ठावं नाय आता."

मी म्हणालो, की दुकान जाईल. होस्टेल जाईल. माझी सही आहे पोलिसांच्या कागदावर, कदाचित मलाही नेतील. वर्षभर घरी बसलो होतो ते दिवस तुला आठवत नाहीत का?

"आठवत्यात," ती म्हणाली. मग निवडलेले तांदूळ डब्यात ओतले आणि म्हणाली, "त्या दिवसांत तुमी जेवत तरी व्हते."

मला भीती वाटते. ती कोणाची, तुरुंगाची, आप्पासाहेबांची की वच्छलाबाईंची, ते अजून ठरवता येत नाही. सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या 'चांगली मशीन' शब्दांची. किती जपून निवडले होते.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मनकर्णा सकाळी जाऊन दोघांना दुकानात घेऊन आली. वच्छलाबाईंना खुर्ची दिली. मी उभाच राहिलो. पाठ केलेलं सगळं विसरलो आणि एका दमात सांगून टाकलं. तार मी लावली होती. झाकण उघडं ठेवायला मी शिकवलं होतं. तुम्हाला दवाखान्यात नेलं आणि इकडे मीच ती तार काढली, पोलीस यायच्या आधी. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं तेच खरं होतं.

मला वाटलं होतं मुंजाबा अंगावर येईल. त्याने हात जोडले.

"भाऊ, तुमी देवमाणूस हायेत. ताई भाकरी देत्यात, तुमी ज्वारी आणली. आता हिच्या जिवाला बरं वाटावं म्हनून आळ बी अंगावर घेता. नका घेऊ. ती समजून चुकलीय."

वच्छलाबाईंनीही मान डोलावली. "व्हय. नका आसं बोलू भाऊ."

मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा हात जोडायला लागला. माझ्या तोंडच्या खऱ्याला आता कोणी विचारत नव्हतं, कारण खोटं मीच इतकं नीट सांगून ठेवलं होतं.

मग कोपऱ्यात दुरुस्तीला आलेली एक जुनी मशीन होती ती पुढे ओढली. आधी जशी आहे तशी चालवली, झाकण उचललं, ड्रम उशिराने का होईना थांबला. "हवालदारांनी बघितली ती मशीन अशी होती," मी म्हणालो. मग मागचं पॅनल उघडलं, दोन वायरी सोडवल्या, दोघांच्या डोळ्यांसमोर तार जोडली. आत एक ओलं पोतं टाकलं. झाकण पहिल्यापासून उघडं ठेवलं आणि बटण दाबलं.

ड्रम हळूहळू फिरायला लागला, मग वेग घेतला. पोतं एका अंगाला गेलं, मशीन धाडधाड वाजत फरशीवर सरकायला लागली. झाकण उघडंच. थांबायचं नाव नाही.

वच्छलाबाई खुर्चीवरून उठून भिंतीपर्यंत मागे गेल्या. प्लास्टरचा हात त्यांनी छातीशी धरला होता. मनकर्णाने त्यांना दंडाला धरलं. मी मशीन बंद केली.

"पुन्हा लावा," त्या म्हणाल्या.

"बाई, राहू द्या."

"लावा म्हनते ना."

लावली. या वेळी त्या दोन पावलं पुढे आल्या. ओठ हलत होते, काय बोलत होत्या ते आवाजात ऐकू आलं नाही. मी बंद केली तेव्हा त्या मला म्हणाल्या, "आत्ता आप्पासायेबाकडं जायचं. मग चौकीवर. हेच बोलायचं, सगळ्यांम्होरं."

"हो," मी म्हणालो.

"सुनबाईंनी दाबा म्हनलं व्हतं, ते बी."

"हो."

"आणि अजून एकदा लावा."

तिसऱ्यांदा बटण दाबलं. मशीन वाजायला लागली, ड्रम गरगरायला लागला. पण या खेपेला वच्छलाबाई मशीनकडे बघतच नव्हत्या. त्या मुंजाबाकडे बघत होत्या. मुंजाबाने आधी ड्रमकडे बघितलं, मग जमिनीकडे, आणि मग त्याला बघायला दुसरीकडे जागा उरली नाही.

मी बटण बंद केलं. त्या मशीनचा ब्रेक झिजलेला आहे, ड्रम थांबायला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ आम्ही चौघंही तसेच उभे होतो, आणि वच्छलाबाई नवऱ्याच्या तोंडावरची नजर काढत नव्हत्या.